पहिली वर्दी : नवापूर (२००६) आणि रोगसूचनेचा इतिहास

१

जैविक घातपाताचा संशय आल्यास तो कोणी, कोणास व केव्हा कळवावयाचा, हा प्रश्न सामान्यतः शासनव्यवहाराचा किंवा वैद्यकाचा समजला जातो. प्रस्तुत निबंधात त्याचा विचार इतिहासाच्या, आणि काही अंशी भाषेच्या, अंगाने करावयाचा आहे. कारण वर्दी ही प्रथमतः भाषिक कृती होय. कोणीतरी काहीतरी पाहतो, त्याला शब्द देतो व तो शब्द अधिकारी व्यक्तीपर्यंत पोहोचवितो. या तीन पायऱ्यांपैकी मधली, म्हणजे शब्द देण्याची, पायरी इतिहासकारांनी फारशी लक्षात घेतलेली नाही. बहुतेक विलंब तेथेच घडला आहे, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

विवेचनासाठी मध्यवर्ती उदाहरण घेतले आहे ते नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरचे. २००६ साली तेथे जे घडले तो घातपात नव्हता. तो कोंबड्यांवरील नैसर्गिक रोग होता. तथापि घातपात असो वा निसर्गाचा कोप असो, पहिल्या आठवड्यात पाहणाऱ्यास दोहोंचे रूप एकच दिसते. पक्षी मरतात, माणसे आजारी पडतात, कारण कळत नाही. कायद्याने दहशतवादाची व्याख्या हेतूवर आधारली आहे. आणि हेतू हा मेलेल्या पक्ष्याच्या अंगावर लिहिलेला नसतो. म्हणून हेतूची शंका येण्यापूर्वीची जी वर्दी, तिचा इतिहास हाच या विषयाचा खरा पाया आहे.

२

नवापूर हा महाराष्ट्राच्या वायव्य सीमेवरील तालुका. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा हा तालुका त्यात समाविष्ट झाला. ताप्तीकाठच्या सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नवापूरचे स्थानक अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत मोडते. पलीकडे लागूनच उच्छलचा मुलूख आहे. गावात व आसपास मावची, भिली, अहिराणी, गुजराती व मराठी या भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. गुजरातेतील व महाराष्ट्रातील मागणीच्या आधाराने येथे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे मोठमोठे खुराडे उभे राहिले होते व तालुक्यातील अनेक कुटुंबांची उपजीविका त्यावर चालत होती.

२००६ च्या जानेवारीच्या अखेरीस या खुराड्यांतून कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. त्या काळी असे मरण ‘राणीखेत’ या रोगाचे म्हणून समजले गेले. पुढे नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत तपासले गेले आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी भारतातील ‘एच-५-एन-१’ या बर्ड फ्लूच्या पहिल्या उद्रेकाची अधिकृत घोषणा झाली. म्हणजे पहिले मरण व अधिकृत नाव यांमध्ये सुमारे तीन आठवडे गेले. त्यानंतर मात्र यंत्रणा वेगाने हलली. रोगस्थानाभोवतीचा टापू आखण्यात आला आणि थोड्या दिवसांत सुमारे अडीच लाख पक्षी नष्ट करण्यात आले. संशयित माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे गेले. नवापुरात एकाही माणसास हा रोग झाल्याचे आढळले नाही. परंतु उद्रेक उच्छलकडे, व पुढे महाराष्ट्रातच जळगाव जिल्ह्यात, पोहोचला.

त्या तीन आठवड्यांचा दोष केवळ खुराडेमालकांच्या लोभावर टाकण्याची प्रथा पडली आहे. ती सोयीची असली तरी पुरेशी नाही. लोभ होता असे मानले, तरी लोभास आश्रय देणारा शब्द आधीच उपलब्ध होता, हे ध्यानात घ्यावयास हवे. तो शब्द म्हणजे ‘राणीखेत’.

३

‘राणीखेत’ हे वस्तुतः कुमाऊँमधील एका गावाचे नाव. १९२० नंतरच्या दशकात तेथे या रोगाचा अभ्यास झाल्यामुळे भारतात तो त्या नावाने रूढ झाला. इंग्लंडमध्ये त्याच रोगास न्यूकॅसल या शहराचे नाव मिळाले. मराठी शेतकरी त्यास ‘मानमोडी’ असेही म्हणतो, कारण रोगी कोंबडीची मान वाकडी होते. विशेष असे की, १९१८ सालच्या इन्फ्ल्युएन्झाच्या भयंकर साथीसही महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी ‘मानमोडी’ हेच नाव होते. ज्या शब्दाने एकेकाळी माणसांच्या इन्फ्ल्युएन्झाचा बोध होत असे, तोच शब्द पुढे कोंबड्यांच्या वेगळ्या रोगास चिकटला. आणि कोंबड्यांस खरोखरच इन्फ्ल्युएन्झा झाला, तेव्हा परिचित रोगाच्या नावाखाली तो झाकला गेला.

येथे नावाच्या कार्याविषयी एक सामान्य सिद्धांत मांडता येतो. रोगाचे परिचित नाव दोन गोष्टी करते. एक, ते पुढील कृती सुचविते, जसे की लस टोचणे, औषध देणे किंवा मेलेले पक्षी पुरणे. दुसरी, ते चौकशी बंद करते. ‘दरवर्षीचीच राणीखेत’ असे एकदा म्हटले की त्यात कळविण्यासारखे काही उरत नाही. भय वाटावयाचे ते अपरिचित नावाचे. परंतु अपरिचित नाव देण्यास प्रयोगशाळा लागते आणि प्रयोगशाळेकडे नमुना जाण्यास आधी कोणाला तरी शंका यावी लागते. म्हणून जी व्यवस्था नाव मिळाल्यावाचून हालचाल करीत नाही, ती उशीर करण्यास स्वभावतःच बांधली जाते.

४

हा अनुभव नवापूरचाच नव्हे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रुग्ण पाहिले व तो प्लेग असल्याचे महापालिकेत सांगितले. त्या वेळी तो शब्द उच्चारण्यास अनेकांची तयारी नव्हती. ‘प्लेग’ म्हटले की परदेशची बंदरे मुंबईच्या जहाजांना अडविणार, व्यापार बसणार, ही भीती उघड होती. नाव हे व्यापारी हानीचे कारण ठरत असल्यामुळे नावाभोवतीच वाद झाला. मरणाभोवती झाला नाही. १८९७ मध्ये व्हेनिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्यपरिषदेने प्लेगची वार्ता सरकारांनी एकमेकांस कळवावी असे ठरविले. म्हणजे कळविण्याचे बंधन आले, पण तेही नावाशी जोडूनच.

त्याच वर्षी ४ फेब्रुवारीस साथरोग अधिनियम संमत झाला. केवळ चार कलमांच्या या कायद्याने सरकारास व्यापक अधिकार दिले. आज्ञाभंगास शिक्षा ठेवली. पुण्यात त्याची अंमलबजावणी रँड यांच्या अधिपत्याखाली सैनिकांकरवी घरोघर झडती घेऊन झाली. परिणाम काय झाला? घरात ताप आलेला माणूस असेल तर तो लपविण्याकडे लोकांचा कल वाढला. कारण वर्दी देणे म्हणजे आपल्या माणसास इस्पितळात व आपल्या घरास सैनिकांच्या हाती देणे, असा तिचा अर्थ झाला. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली, हा इतिहास सर्वांस ज्ञात आहे. त्या घटनेचा राजकीय अर्थ पुष्कळांनी लावला आहे. रोगसूचनेच्या इतिहासात तिचा अर्थ इतकाच की, वर्दी देणाऱ्यास शिक्षेसारखी वागणूक मिळाली तर वर्दीचा झराच आटतो.

५

आता प्रत्यक्ष घातपाताकडे वळू. भारतात जंतूंचा शस्त्र म्हणून हेतुपुरस्सर वापर झाल्याचे जे प्रकरण न्यायालयात सिद्ध झाले, त्याची एक वाट मुंबईतून जाते. पाकूड येथील जमीनदार घराण्यातील अमरेंद्र पांडे यास २६ नोव्हेंबर १९३३ रोजी हावडा स्थानकावर गर्दीत दंडास काहीतरी टोचले. ४ डिसेंबर रोजी तो मरण पावला. त्याच्या रक्ताच्या तपासणीत प्लेगचे जंतू सापडले. कलकत्त्यात त्यापूर्वीची काही वर्षे प्लेग आढळत नव्हता. त्याचा सावत्र भाऊ विनयेंद्र याने डॉ. तारानाथ भट्टाचार्य याच्या साह्याने हा कट रचला होता. हाफकिन संस्थेकडे जंतू मागितले असता बंगालमधील वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या संमतीची अट पडली. तेव्हा मुंबईच्या आर्थर रोडवरील साथरोग रुग्णालयात अभ्यासाच्या निमित्ताने प्रवेश मिळवून कार्यभाग साधण्यात आला. १९३५ साली दोघांस फाशीची शिक्षा झाली. १९३६ मध्ये उच्च न्यायालयाने ती बदलून जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा दिली.

या प्रकरणात दोन स्वतंत्र माहित्या होत्या. वैद्यांपाशी एक विसंगत निदान होते, ते म्हणजे प्लेग नसलेल्या शहरातील प्लेग. कुटुंबीयांपाशी एक विसंगत प्रसंग होता, तो म्हणजे स्थानकावरील टोचणी. दोन्ही एकत्र आल्यावाचून गुन्हा दिसत नव्हता. पोलिसांकडे रीतसर तक्रार गेली ती १९३४ च्या जानेवारीत. यावरून दिसते की, जैविक घातपाताची ओळख वैद्याला एकट्याने पटत नाही आणि पोलिसालाही एकट्याने पटत नाही. दोघांकडे अर्धे-अर्धे वाक्य असते.

याच संदर्भात महाराष्ट्राशी दूरान्वयाने संबंध असलेले दुसरे प्रकरण पाहण्यासारखे आहे. पुण्याच्या कोरेगाव पार्क येथून १९८१ मध्ये अमेरिकेत गेलेल्या रजनीश पंथाच्या काही अनुयायांनी १९८४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात ओरेगन राज्यातील द डॅल्स या गावच्या उपाहारगृहांतील खाद्यपदार्थांत साल्मोनेला जंतू मिसळले. ७५१ माणसे आजारी पडली. पहिली वर्दी स्थानिक आरोग्य खात्याकडे १७ सप्टेंबर रोजीच आली व ती पोटाच्या साध्या विकाराची म्हणून आली. चौकशीचा प्रथम निष्कर्ष वाढप्यांच्या अस्वच्छतेकडे बोट दाखविणारा होता. घातपात उघड होण्यास सुमारे वर्ष लागले. तरीही ती पहिली वर्दी निष्फळ झाली नाही. तिच्यामुळेच रुग्ण मोजले गेले, जंतू वेगळे करून जपून ठेवले गेले, आणि पुढे पंथाच्या प्रयोगशाळेत सापडलेल्या जंतूंशी त्यांची तुलना करता आली. हेतू नंतर सापडला. पुरावा मात्र हेतू माहीत नसताना दिलेल्या वर्दीने राखला. उलटपक्षी २००१ मध्ये फ्लोरिडातील एका वैद्याने एकाच रुग्णात फुप्फुसाच्या अँथ्रॅक्सची शंका येताच प्रयोगशाळेच्या अंतिम निर्णयाची वाट न पाहता २ ऑक्टोबर रोजीच जिल्ह्याच्या आरोग्याधिकाऱ्यास कळविले. त्यामुळे टपालातून पसरलेल्या त्या हल्ल्याचा माग लवकर लागला.

६

वर्दी आणि अफवा यांतील सीमा पुसट झाली म्हणजे काय होते, ते १९९४ च्या सुरत येथील प्लेगने दाखविले. त्या वर्षी ऑगस्टात बीड जिल्ह्यातील मामला या गावी उंदीर मरू लागले व पिसवांचा उपद्रव वाढला; गावकऱ्यांनी तो अधिकाऱ्यांस कळविला. पुढे सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली आणि काही लाख माणसे शहर सोडून निघाली. त्यांत खानदेशातून पोटासाठी गेलेले पुष्कळ होते व त्यांच्या परतीच्या गाड्या नंदुरबारवरूनच जात होत्या. हा प्लेग कोणी मुद्दाम पसरविला असावा, अशी शंकाही तेव्हा बोलली गेली. मामल्याची वर्दी व सुरतेची वार्ता यांची तुलना उद्बोधक आहे. मामल्यात लोकांनी जे डोळ्यांनी पाहिले ते सांगितले: उंदीर मेले, पिसवा वाढल्या. त्यात रोगाचे नाव नव्हते, कोणावर आरोप नव्हता. सुरतेत आधी नाव पसरले व मग माणसे.

मराठी व्याकरणात हा भेद व्यक्त करण्याची उत्तम सोय आहे. ‘कोंबड्या मेल्या’ हे पाहिलेले; ‘कोंबड्या रोगाने मेल्या असाव्यात’ हे अनुमानलेले; ‘पलीकडच्या गावातही मेल्या म्हणे’ हे ऐकलेले. ‘म्हणे’ हे लहानसे अव्यय वक्त्याची जबाबदारी अचूक मर्यादित करते. परंतु गावातील बोलणे कचेरीच्या कागदावर उतरताना हे तिन्ही भेद बहुधा नष्ट होतात. ‘असे निदर्शनास आले आहे’ या एकाच साच्यात पाहिलेले, अनुमानलेले आणि ऐकलेले सर्व ओतले जाते. ज्या तालुक्यात वर्दी मावचीतून वा भिलीतून निघून मराठीत व तेथून इंग्रजीत जाते, तेथे ही हानी प्रत्येक पायरीवर वाढते.

शब्दांच्या दिशेकडेही लक्ष द्यावयास हवे. शासकीय मराठीत ‘सूचना’ ही बहुधा वरून खाली येते. नागरिकांस सूचना दिल्या जातात. खालून वर जाते ती ‘वर्दी’, ‘खबर’, ‘तक्रार’ किंवा ‘अर्ज’. यांपैकी ‘खबर’ देणाऱ्यास आपण ‘खबऱ्या’ म्हणतो, आणि तो शब्द मानाचा नाही. शेजाऱ्याच्या खुराड्यातील मरण कळविणारा माणूस गावाच्या दृष्टीने चुगलखोर ठरण्याचा धोका या शब्दातच भरलेला आहे.

७

नवापूरनंतर कायदा काय शिकला? प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांसंबंधीचा केंद्रीय अधिनियम २००९ साली झाला. त्याने पशुमालकावर व पशू ज्याच्या ताब्यात असेल त्या प्रत्येकावर बंधन घातले की, अनुसूचित रोगाची लागण आहे असे समजण्यास कारण असेल तर ग्रामाधिकाऱ्यास किंवा ग्रामपंचायतीस कळवावे. तेथून ते पशुवैद्यकाकडे जावे. ‘समजण्यास कारण’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कायदा खात्री मागत नाही, शंका मागतो. तथापि शंका अनुसूचित रोगाचीच हवी, म्हणजे नाव पुन्हा मागील दाराने आत आलेच.

मानवी आरोग्याच्या क्षेत्रात याहून पुढचे पाऊल पडले आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोगसर्वेक्षण प्रकल्पाने तीन प्रकारचे नमुने ठरविले: आरोग्यसेवकाने लक्षणांवरून भरावयाचा, वैद्यकीय अधिकाऱ्याने संभाव्य निदानावरून भरावयाचा, आणि प्रयोगशाळेने खात्रीनंतर भरावयाचा. वर सांगितलेल्या व्याकरणातील भेदांशी याचे नाते स्पष्ट आहे. निश्चिततेच्या पायऱ्या येथे कागदावरच वेगळ्या ठेवल्या आहेत. १५ जून २००७ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनी तर ठराविक रोगांच्या यादीवरून लक्ष काढून ‘घटना’ हा पाया मानला. अनपेक्षित किंवा असाधारण घटनेची माहिती, तिचे मूळ वा उगम कोणताही असो, कळवावी, असा त्यांचा सातवा अनुच्छेद आहे. १८९७ च्या व्हेनिस परिषदेपासून येथपर्यंतचा प्रवास हा नावाकडून घटनेकडे झालेला प्रवास होय. जैविक घातपाताच्या संदर्भात ‘मूळ कोणतेही असो’ हे शब्द विशेष मोलाचे आहेत. घातपात की निसर्ग, हे ठरविण्याचे ओझे पहिल्या सांगणाऱ्यावरून ते उतरवितात.

यावर एक आक्षेप येईल व तो रास्त आहे. प्रत्येक असाधारण मरण कळवावयाचे म्हटले तर कचेऱ्या वर्द्यांनी बुडून जातील. आणि नुसत्या शंकेने गरीब खुराडेमालकाचा धंदा बुडेल. २००१ च्या अँथ्रॅक्सनंतर अनेक देशांत साध्या भुकटीच्या पाकिटांनी उडविलेली तारांबळ या आक्षेपास बळ देते. त्याचे उत्तर वर्दी आवरण्यात नसून वर्दी आणि घोषणा यांत अंतर राखण्यात आहे. शंका अधिकाऱ्यास ताबडतोब कळवावी. लोकांस जाहीर करावयाचे ते मात्र तपासून. दुसरे, सांगणाऱ्याचे नुकसान शासनाने वाटून घ्यावे. बर्ड फ्लूच्या शासकीय योजनेत शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही. या नियमाचा अर्थ असा की, जो लवकर सांगेल त्याच्या खुराड्यात भरपाईस पात्र असे जिवंत पक्षी अधिक असतील. हा नियम रोगापूर्वी प्रत्येक मालकास त्याच्या भाषेत माहीत असेल तर तो वर्दीस प्रोत्साहन देतो. रोगानंतर कळला तर केवळ शिक्षा वाटतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू पुन्हा आला, त्यावरून हा प्रश्न जुना झालेला नाही हे उघड आहे.

८

या सर्वांचा निष्कर्ष थोडक्यात असा सांगता येईल. जैविक घातपाताची शंका कळविण्याचे कर्तव्य जेथे सुरू होते तेथे घातपात हा शब्द अजून कोणाच्या तोंडी नसतो, आणि तो असण्याची आवश्यकताही नाही. पहिल्या वर्दीत हव्यात चार गोष्टी: काय मेले किंवा कोण आजारी पडले, किती, कोठे, केव्हापासून; आणि त्यातील पाहिलेले कोणते व ऐकलेले कोणते. नाव देणे हे प्रयोगशाळेचे काम, हेतू शोधणे हे पोलिसांचे. या दोघांना जिल्हा पातळीवर एकत्र बसविणे हे जिल्हाधिकाऱ्याचे काम, कारण पाकूड प्रकरणाने दाखविल्याप्रमाणे अर्धी माहिती एकाकडे व अर्धी दुसऱ्याकडे असते. आरोग्य खात्यास वार्ता पसरवावीशी वाटते, पोलिसांस ती झाकावीशी वाटते. हा स्वाभाविक विरोध संकटाच्या दिवशी सोडवावयाचा नसून आधी सोडवून ठेवावयाचा असतो.

पुण्यात १८९७ मध्ये वर्दी शिक्षेच्या भयाने लपली. नवापुरात २००६ मध्ये ती परिचित नावाच्या आडोशास राहिली. दोन्ही वेळी मरण सर्वांस दिसत होते. ते सांगण्यास योग्य शब्द व सांगणाऱ्यास अभय, या दोन गोष्टी मात्र वेळेवर नव्हत्या. भाषाविभागांनी सीमेवरील तालुक्यांत पशुसंवर्धन व आरोग्य खात्यांच्या साह्याने मावची, भिली व अहिराणीत लक्षणांची नावे संकलित करून वर्दीचे साधे नमुने तयार करणे, हे संशोधन विद्यापीठांच्या आवाक्यातील आहे. पुढची वर्दी त्याच भाषांतून निघणार आहे.